पहिल्या नंबरचा बार

कढईच्या काठावर झारा दोनदा आपटायचा आणि मग मान वर करून विचारायचं, "बोला साहेब, आज कोन्ता बार पह्यला आला?" ही तिची रीत. आपण उत्तर द्यायला तोंड उघडलं की भज्यांची प्लेट पुढे यायची. "पह्यले खा. मंग बोला."

तिला सगळे मावशी म्हणायचे. राळेगावच्या रस्त्याला आमच्या गावाचा फाटा होता, फाट्यावर बार होता आणि बारसमोर तिचा भज्यांचा ठेला. मी तेव्हा जवळच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. दिवसभर चिमटीत रुई धरून धागा ओढून बघायचा आणि ग्रेड ठरवायची. ही खोड संध्याकाळीही सुटत नसे. मग आम्ही बारना ग्रेड द्यायला बसायचो. कळंबचा कसा, राळेगावच्या स्टँडामागचा कसा, नदीच्या पुलाजवळचा कसा. पुलापलीकडे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी, म्हणून त्या बारला बारा महिने जत्रा.

या वादात माझा कायमचा विरोधक म्हणजे प्रल्हाद, आमच्या काट्यावरचा हमाल. मी कळंबची बाजू घेतली की तो पुलाची घ्यायचा. "साहेब, तुमाले कापूस समजते, दारू नाई समजत," असं तोंडावर सांगायचा. भांडून भांडून शेवटी पहिला नंबर मात्र आमच्या फाट्यावरच्याच बारला मिळायचा. तुम्ही तो बार पाहिला असता तर हसला असता. पंखा फक्त आवाज करायचा, खुर्च्या लंगड्या, आणि मालक तर कपाळावर आठी घेऊनच जन्माला आलेला. तरी आम्ही तिथल्या बर्फाची तारीफ करायचो! मावशी मिरच्या चिरत आमचं ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची.

मग कापसाचे ते वाईट हंगाम आले. बोंडअळीने शेतं खाल्ली. जो काही कापूस निघाला तो खेड्यातूनच व्यापारी उचलू लागले. केंद्रावर जिथे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची तिथे कुत्री झोपू लागली. बार मात्र सकाळपासून भरायला लागला. धंदा तेजीत आहे असं मला वाटलं आणि मी मावशीला तसं म्हणालोही.

"कायची तेजी, साहेब?" ती म्हणाली. "पह्यले मानसं भांडत, हासत, खाऊन पेत. आता उभ्यानंच पेऊन राह्यले. कोनी खात नाई. माही कढई पाहा, तेल तसंच हाय."

मी कढईत पाहिलं. खरंच तसंच होतं. इतके दिवस तिथे बसून मला ते दिसलं नव्हतं.

सगळ्यात आधी खाणं सुटलं ते प्रल्हादचं. काम नव्हतं, वाद घालायला उत्साह नव्हता. सकाळी यायचा, आत जायचा, बाहेर यायचा. मावशी प्लेट घेऊन त्याच्या मागे रस्त्यापर्यंत जायची. "पल्ल्या, पह्यले खाय रे! दोन तं खाय!" तो हात झटकायचा. एका दुपारी त्या झटक्याने प्लेट मातीत गेली आणि चार पावलांवर प्रल्हादही. आम्ही त्याला उचलून ऑटोत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी प्यायला तर आम्हाला हात टेकावे लागतील.

मावशीने मातीतली भजी वेचून कुत्र्याला टाकली. ठेल्याचं कापड ओढलं आणि म्हणाली, "आता हा बार बंद करा लागते."

आम्हाला वाटलं, रागात बोलतेय. पण ती बाई दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरून बायांच्या सह्या आणि अंगठे घेऊ लागली. प्रल्हादची बायको पहिल्या सहीला. मालक ठेल्यावर येऊन ओरडला, "माह्याच दारात बसून माह्याच पोटावर पाय देतं काय?" मावशीने झारा आपटला. "ठेला सडकेवर हाय, तुया दारात नाई. भजे खाशीन?"

सह्यांचा अर्ज सरकारदरबारी गेला आणि अखेर गावात मतदान लागलं. बायांनीच मत द्यायचं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे बार चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली तरच बार जाणार. म्हणजे घरी राहिलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्याच बाजूची. आणि तारीख आली ती नेमकी वेचणीत! सकाळी मतदान केंद्र उघडलं तेव्हा गावात म्हाताऱ्या तेवढ्या होत्या, बाकी सगळ्या कापसात.

मावशी माझ्या दारात उभी राहिली. "साहेब, फटफटी काढा."

आता विचार करा. मी त्या बारचं जुनं गिऱ्हाईक. माझाच बार बंद करायला माझीच फटफटी! पण तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. ती मागे बसली आणि आम्ही शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने निघालो. प्रत्येक शेताशी ती उतरायची आणि बोटं तोंडाशी धरून हाक मारायची, "चाला वो बायाहो! कापसाची ओटी कमरेले तशीच बांधलेली राहू द्या!" एका शेतमालकाने अडवलं, मजुरी कापीन म्हणाला. ती त्याच्या पऱ्हाटीच्या ओळीत शिरून स्वतःच कापूस वेचायला लागली. "या येतवर मी वेचतो. माही वेचनी पाहून घे." बाया हसत निघाल्या. तिच्या जागी मग मीही वेचायला उभा राहिलो, कारण तिला पुढच्या शेतात जायचं होतं. आयुष्यभर कापसाला नावं ठेवणारा मी, बोटं फोडून घेतली.

संध्याकाळी परतताना मी विचारलं, "मावशी, बार गेला तर तुमचं काय? भजी कोण खाईल?"

"ज्याले भूक लागते तो."

आडवी बाटली जिंकली. थोडक्यात, पण जिंकली.

बारला कुलूप लागलं त्या संध्याकाळी तिने ठेला नेहमीसारखा लावला. फाटा सुना होता. मी आणि मावशी, दोघंच. मग रस्त्याने प्रल्हाद आला, बायकोचा खांदा धरून. मावशीने झारा आपटला. प्लेट पुढे केली. त्याने एक भजं उचललं, मग दुसरं, मग सगळी प्लेट संपवली. "अजून घे," ती म्हणाली, आणि मला इतकं भरून आलं की मी उठून फटफटी पुसत बसलो.

पण एका प्रल्हादवर ठेला चालत नाही. हंगाम संपेपर्यंत तिने तग धरला. मग लेकीकडे ढाणकीला गेली, तिथल्या बाजारात ठेला लावला. जाताना म्हणाली, "हारून नाई चालली, साहेब. ध्यानात ठेवा." पुढे तिथेच ती वारल्याचं कळलं, तेही फार उशिरा. तिच्यानंतर कळंबच्या आणि पुलाच्या बारमध्ये मी बसून पाहिलं. बर्फ सगळीकडे सारखाच असतो.

मागच्या वर्षी कळंबच्या हॉटेलात प्रल्हाद आणि मी चहाला बसलो होतो. शेजारी तीनचार तरुण पोरं वाद घालत होती, जिल्ह्यात एक नंबरचा बार कोणता. एकाने प्रल्हादलाच विचारलं, "काका, तुमी सांगा."

"आमच्या फाट्यावरचा."

"तिथं कुठं बार हाय?"

"नाई ना. बंद केला तिनं."

पोरं हसली. प्रल्हादने आमची भज्यांची प्लेट त्यांच्या टेबलावर सरकवली.

"पह्यले खा," तो म्हणाला.