भागाआक्कांचे गाणे आणि कोंडाबाईंकडची ओळ

भागीरथीबाई ढवळे, म्हणजे आपल्या सर्वांच्या भागाआक्का, यांच्या गाण्याला उत्कृष्ट लोकगीताचा पुरस्कार जाहीर झाला, त्या दुपारी माझ्या संपादकांनी मला लोणी काळभोरला पिटाळले. बातमी संध्याकाळच्या आत नारायण पेठेतल्या कचेरीत हवी होती. आक्कांची आणि माझी ओळख ती अशी, घाईची.

आक्का ओसरीवर बसल्या होत्या. चहा झाला, पेरू झाले, खुरपणीची दोन गाणीही म्हणून झाली. मी म्हटले, "आता पुरस्काराच्या गाण्याच्या चार ओळी म्हणा."

"ते आता माझ्याकडं न्हाई."

मला वाटले, गाण्याचे हक्क कंपनीने घेतले असणार. तसे विचारलेही.

"कंपनी न्हवं वं भाऊ. कोंडीकडं हाय."

कोंडी कोण, हे विचारायला वेळ नव्हता. बातमीत मी लिहिले, 'आक्कांनी नम्रपणे नकार दिला.' त्यात नम्रपणा कुठे होता, ते आजही मला सांगता येणार नाही.

कोडे थोडे उलगडले ते त्यांच्या सूनबाई सुनंदाताईंमुळे. आक्का आणि कोंडाबाई एकाच टोळीत भाजीपाल्याची खुरपणी करत. मंडईत जाणारी मेथी-कोथिंबीर या बायकांच्या हाताखालून जायची. एकीने गाणे धरायचे, शेवटच्या ओळीत दुसरीचे नाव घ्यायचे आणि तिथून पुढे तिने म्हणायचे, अशी त्यांची रीत. जिचे नाव घेतले तिने ओळ घेतल्याखेरीज पहिलीने ते गाणे पुन्हा तोंडात आणायचे नाही. पुढे शेतांचे प्लॉट पडले, टोळी मोडली, कोंडाबाई मुलाकडे हडपसरच्या फ्लॅटमध्ये गेल्या. स्टुडिओत आक्का एकट्या गायल्या, आणि सवयीने शेवटी म्हणाल्या, "कोंडाबाई, घे गं ओळ." ध्वनिमुद्रण तिथेच थांबले.

पुरस्कार समारंभात परीक्षक नेमके त्या शेवटावर बोलले. अनुत्तरित राहिलेली ती हाक मनाला चटका लावते, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून उतरताना आक्कांनी मला बाजूला घेतले. "मी हाक मारली, समोरनं उत्तर न्हाई आलं. मग ते चांगलं कसं?" मी परीक्षकांचे म्हणणे समजावू लागलो आणि दोन वाक्यांनंतर माझे मलाच ते समजेनासे झाले.

आक्कांच्या कामाविषयी जाणकार याच गौरवग्रंथात लिहितील. मला त्यांच्या गाण्यातले एकच ठाऊक आहे. खुरपताना कोणी बाई मागे पडली, की आक्का तिला हाक मारत नसत, गाण्याचीच चाल संथ करत. सगळ्यांचे हात आपोआप मंदावत आणि मागची बरोबरीला येई. सुनंदाताई म्हणाल्या, "मी नवी नवरी व्हते तवा. मला वाटायचं, मी लई भराभर खुरपते. दोन वर्सांनी कळलं, गाणंच माझ्यासाठी हळू चालतंय."

माझ्या पत्नीचे ऑपरेशन होते, तेव्हा आक्का बसने इस्पितळात आल्या. सोबत पिशवीभर मेथी. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या नातेवाइकांच्या हातात त्यांनी एकेक जुडी दिली. "निवडा. हात रिकामं असलं की मन वंगाळाकडं जातं." कोटातले एक गृहस्थ मुकाट्याने मेथी निवडत होते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा कोण कोणाचे नातेवाईक, हे त्यांना कळेना.

पंचाहत्तरीचा सोहळा ठरला आणि पेच पुन्हा उभा राहिला. आक्का म्हणाल्या, बाकी काहीही म्हणेन, ते गाणे नाही. गौरव समितीचे चिटणीस मला म्हणाले, "म्हणजे ज्या गाण्यासाठी लोक येणार, ते सोडून सगळं. पत्रिकेत काय छापू? 'गाणे वगळून'?"

आमच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी, की दोघींचे भांडण असणार. मी हडपसरला गेलो. कोंडाबाई दमेकरी आहेत, पण बोलण्यात धार आहे.

"ऐकलं की गाणं. नातीनं लावलं मोबाइलवर. नाव घेतलंय माझं. पर केवढ्या वरनं धरलंय! तिथनं उचलायला माझा गळा ऱ्हायलाय का?"

भांडण नव्हतेच. स्टुडिओत पेटीवाल्याने पट्टी उंच दिली होती, आणि आक्का तशाच गायल्या होत्या. मी हे आक्कांना सांगितले. त्यांनी उठून पायात चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "तिच्या गळ्याचा इचारच केला न्हाई मी. चला, गाडी काढा."

दारातच कोंडाबाई म्हणाल्या, "आलीस व्हय? बक्षीस मिळाल्यावर सवड झाली."

"तुला फोन उचलाया काय व्हतंय?"

"फोन सून उचलती. तिला इचार."

मग दोघी पलंगावर शेजारी बसल्या. "तुला झेपंल तिथनं धर," आक्का म्हणाल्या. कोंडाबाईंनी ओळ घेतली ती अगदी खालून, घोगऱ्या आवाजात. मध्येच खोकला आला, ओळ तुटली. आक्कांनी मदतीला सूर दिला नाही. रीतीत ते बसत नाही. त्यांनी फक्त पाण्याचे भांडे पुढे केले. कोंडाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि ओळ पुरी केली. पुरस्काराचे गाणे ते हेच का, अशी मला क्षणभर शंका आली. शेवटी कोंडाबाई म्हणाल्या, "भागे, घे."

"आत्ता न्हाई. तिथं घेते, समद्यांम्होरं. तू म्होरं बस."

तेव्हा सोहळ्यात गाणे होईल. मात्र ते खालच्या पट्टीतले, घोगऱ्या ओळीला जोडून घेतलेले असेल. घरी मोबाइलवर ऐकलेले गाणे ऐकायला आलेले रसिक गोंधळतील. दोन्हींतले खरे कोणते, असे मला कोणी विचारू नये. मी ठरवू शकलेलो नाही.

आक्कांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना आपण सारे करणारच आहोत. माझी आणखी एक आहे. कोंडाबाईंनाही तेवढेच आयुष्य आणि तेवढाच श्वास मिळो. कारण गाणे संपताना आक्का पुन्हा त्यांचेच नाव घेतील. चिटणीसांना विनंती, की पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीपुढेही एक माइक ठेवावा. जरा खाली.