एकोणीस एकांचा आकडा

गाडीची पाटी दिसली की आमच्या बाई तिच्यावरच्या आकड्याचे अवयव पाडायच्या. इंदापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघतानाही त्यांचे ओठ हलत असायचे. शाळेत त्यांना सगळे 'अवयवबाई' म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर त्या कळस गावात घरच्या पडवीत शिकवणी घेत. त्यांचा लाडका आकडा एकच. फळ्यावर ओळीनं एकोणीस वेळा १ हा अंक मांडायच्या नि म्हणायच्या, "अठरा एक लिहा, तीननं भाग जातो. वीस लिहा, अकरानं जातो. पण हा एकोणिसांचा? कशानंच न्हाय. एवढा लांबलचक हाय, पण मूळ संख्या! कुणापुढं फुटत न्हाय." तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा की गणिताला कंटाळलेली पोरंही मान वर करायची.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे वालचंदनगरच्या एका शाळेत गणितच शिकवू लागले. सकाळी जाताना त्यांच्या दारात स्कूटी थांबवून मी एक मोठा आकडा सांगायचा आणि त्यांनी तोंडी अवयव पाडायचे, असा आमचा नेम होता. मला तो खेळ वाटे. एकदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"खेळ न्हाय गं हा. माझ्या आईनं शेवटी आमाला कुणालाच वळखलं न्हाय. मावशीचंबी तसंच झालं. माझं ज्या दिवशी चुकंल, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. दया करायची न्हाय."

त्यानंतर आकडा सांगून झाला की मी घड्याळाकडे बघत राही. उत्तरं बरोबर यायची, पण हळूहळू उशिरा येऊ लागली.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या फाटकातच उभ्या होत्या. डोळे चमकत होते.

"आज तू आकडा सांगू नको. एकोणिसांचा फुटला! तीननं गेला!"

त्यांनी मला फळ्यापाशी ओढत नेलं. मी एक मोजले, पुन्हा मोजले. बरोबर एकोणीस होते. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वाटलं, हो म्हणावं आणि शाळेला जावं.

"बाई, अंकांची बेरीज एकोणीस होते. तीननं भाग जात नाही."

त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग त्या पायरीवर बसल्या. "हे तर मी पाचवीच्या पोरांना शिकवते," त्या हळूच म्हणाल्या. आत त्यांचे यजमान, तात्या, चहा ठेवत होते. भांड्यांचा आवाज येत होता. "तात्यांना आत्ता सांगू नको. त्यांचा चहा होऊ दे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोमवारपासून शिकवणी तू घे. मी चुकीचं शिकवलं तरी आता मला कळायचं न्हाय."

मी शिकवणी घेते, त्यांच्याच पडवीत. तात्या त्यांना हाताला धरून आणतात आणि मुलांच्या मागे चटईवर बसवतात. त्या शांत ऐकतात. परवा रविवारी त्यांनी हात वर केला.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "मी घरी जाऊ का? अंधार पडाय लागलाय."

बाहेर भर दुपारचं ऊन होतं.