चहाच्या सुट्टीनंतरचा गंज

नायरी प्रॉक्टरनं सूडापोटी नवऱ्याचं औषध बंद पाडलं, अशी आवई गेल्या हिवाळ्यात आमच्या डनीडिनच्या चढावरच्या गल्लीत उठली होती. ती मी उठवलेली नाही. मी उठवली असती तर तिच्यात निदान एखादा प्रियकर तरी असता. औषध बंद पडलं ते तिच्यामुळेच, पण सूडबिड काही नव्हता.

नायरी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सुजलेल्या सांध्यांतल्या पेशी तपासणं तिचं काम. त्या पेशींत एक प्रथिन पहाऱ्यावर असतं. त्याच्या अंगावरच्या गंधकाच्या टोकांना ऑक्सिजनचा चटका बसला, की पहारा सुटतो आणि सूज आणणारी जनुकं मोकाट होतात. या चटक्याला नायरी सरळ गंज म्हणते. निरोगी पेशींत गंज नाही, आजारी पेशींत भरपूर, असं तिच्या हातून पुन्हा पुन्हा दिसलं. त्यावरून गंज रोखणारी गोळी निघाली, आणि माणसांवरच्या पहिल्या चाचणीत तिच्या नवऱ्याचं, यूअनचं नाव लागलं. यूअन सुतार. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. विकायला काढलेले रंधे त्यानं पुसून परत फळीवर ठेवले.

आता घोळ ऐका. पेशी फोडली की बाहेरच्या हवेनंही ते प्रथिन गंजतं. म्हणून फोडण्याआधी त्या टोकांवर टोपण बसवणारं रसायन घालतात. पण ते पाण्यात कालवलं की थोड्याच वेळात त्याचा जोर ओसरतो. नायरी ते सकाळी कालवायची, निरोगी पेशी उरकायची आणि चहाला जायची. आमच्याकडे एक वेळ चर्च चुकेल, सकाळचा चहा नाही. गरम चीज रोल, कोणाचा जावई घर सोडून गेला, कोणाच्या कुत्र्याला खरूज झाली, असं सगळं निस्तरून ती परतायची आणि आजारी पेशींना त्याच बाटलीतलं रसायन घालायची.

एकदा तिच्या कोपरानं ती बाटली लवंडली. चहानंतर तिनं ताजं कालवलं, तर आजारी पेशींत गंज दिसेना. मग तिनं मुद्दाम उलटं केलं. आजारी पेशी चहाआधी, निरोगी पेशी चहानंतर, जुन्याच बाटलीतून. गंज चढला तो निरोगी पेशींवर. म्हणजे गंज आजाराचा नव्हताच, शिळ्या रसायनाचा होता.

ती तडक प्रमुखबाईंकडे, ग्रेटाकडे गेली.

"कोणाला बोललीस?" ग्रेटानं विचारलं.

"तुलाच."

"अगं, सोमवारी चाचणी सुरू होतेय!"

"म्हणून तर आज सांगतेय."

"यूअन आहे त्यात, नायरी."

"माहितेय मला. मीच त्याला गाडीनं आणणार होते."

ग्रेटानं दार लावून घेतलं, डोळे पुसले आणि फोन उचलला. चाचणी रद्द झाली.

यूअनला तिनं जेवणाच्या टेबलावर स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी रंधे विकले गेले. वसंत येईपर्यंत त्याची बोटं अशी मिटली की चमचा धरवेना. आता तीच त्याला भरवते. तो भिंतीकडे बघत तोंड उघडतो, आणि बोलायचंच झालं तर कुत्र्याशी बोलतो: "बाईसाहेबांना सांग, सुपात मीठ नाही." कुत्रा बिचारा शेपूट हलवतो आणि नायरी उठून मीठ आणते. हे मी कुंपणावरून ऐकलंय. पहिल्यांदा हसले, मग मात्र हसू येईना.

परवा ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा मला राहवलं नाही. "अगं बाई, तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? गोळीनं गुण नसता आला, पण बिचारा आशेवर तरी जगला असता. घरात दोन शब्द बोलला असता तुझ्याशी."

चिमटे तोंडात धरून तिनं चादर ताणली, मग ते एकेक करून लावले.

"सूज आणणारी जनुकंच छातीतल्या जंतूंशी लढतात," ती म्हणाली. "ती गोळीनं बांधून टाकायची, तर काहीतरी खरं कारण हवं ना? माझ्या चहासाठी त्याला न्यूमोनियानं मारू? चिडलाय तर चिडू दे. जिवंत आहे म्हणून चिडतोय."