मास्कखालची मिशी

लष्करात बावीस वर्षं डोक्यावर टोपी होती. निवृत्त होऊन साताऱ्यात आलो, टोपी उतरवली, तर खाली तळहातासारखं लख्ख. लोकांना टकलाची लाज वाटते. मला राग आला. छाती, कंबर, गुडघे सगळं शाबूत आणि डोक्यानंच तेवढी माघार घ्यावी, हे मला मंजूर नव्हतं. सांगलीला रोबोट केस लावून देतो असं कळलं आणि मी ठरवून टाकलं. बायकोला सांगितलं, आबांना नाही. वडूजच्या पुढं गावी राहणाऱ्या ऐंशीच्या बापाला रोबोट कसा समजावणार?

त्या सकाळी आधी मशीन फिरवून सगळं डोकं भादरलं. मग पालथं निजवून इंजेक्शनं दिली. ती झोंबली, खोटं कशाला बोलू. पुढं रोबोटचा हात कॅमेऱ्यानं मागचा एकेक केस हेरून मुळासकट सोडवत राहिला. मला नुसता टकटक आवाज येत होता. दुपारी पोळीभाजी खाल्ली आणि दोन नर्स ती मुळं पुढच्या ओसाड भागात बसवायला लागल्या, आमच्याकडं कांद्याची लागण करतात तशी. दहा दिवस डोक्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हुकूम पाळायची मला सवय आहे.

पाचव्या दिवशी तपासणीसाठी निघालो. सातारा स्टँडवर धुळीमुळं मास्क लावला होता. घाम आला म्हणून सैल टोपी क्षणभर काढली, तेवढ्यात गावचे एक म्हातारे समोर आले. आबांबरोबर मेंढरं राखलेला माणूस. त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं, माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि सुटायला आलेल्या वडूजच्या गाडीत घाईनं चढले. वय झालं की माणूस हळवा होतो, असं समजून मी सांगलीची गाडी पकडली.

आमच्यात बाप गेला की मुलगा डोकं आणि मिशी दोन्ही काढतो. बाप असेतो मिशीला वस्तरा लागत नाही. माझी मिशी जागच्या जागी होती, पण मास्कखाली.

चार वाजता आबांचा फोन आला. "मी मेलो म्हनं. कवा रं?" दारात माणसं जमली होती आणि आबा बाजेवर बसून त्यांना चहा पाजत होते.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. बाप जिवंत असताना पोरानं डोकं भादरलं, हे ते कसं घेतील याची मला खरोखर धास्ती होती. सीमेवरही एवढी वाटली नव्हती. आबांनी लाल मुंडासं सावरलं, मला खाली वाकवलं आणि डोक्यावरचे ठिपके निरखून बघितले.

"लागण बरी झालीया," ते म्हणाले. "पन मी गेल्यावर हे काढायचंच की. मग परत येतंय का?"

डॉक्टरांना मी शाम्पू, हेल्मेट, ऊन सगळं विचारलं होतं. हे विचारायचं सुचलंच नव्हतं. अंगणातूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मूळ एकदा धरलं की वस्तऱ्यानं काही बिघडत नाही, केस परत वाढतात, असं डॉक्टर म्हणाले. पूर्ण उगवायला किती दिवस, असं आबांनी विचारलं. वर्षभर तरी, असं उत्तर आलं.

"मग वरीसभर तर थांबाय लागतंय," आबा म्हणाले. "उगवल्यालं बघून जातो."

डॉक्टरांनी दहा वर्षं सांगायला हवी होती.