सीडीतलं शेवटचं गाणं

ज्यांचं नावही कधी विचारलं नाही, त्यांच्याबद्दल लिहितोय, माफ करा. अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्या कॉलेजच्या बसवर ते म्हातारे ड्रायव्हर होते. पहिल्या दिवशी मी सवयीने ‘काका’ म्हणालो. त्यांना ते माझंच नाव वाटलं.

"मॉर्निंग, काका," ते रोज म्हणायचे.

तिकडचं ‘कंट्री’ संगीत गाणाऱ्या एका वयस्क गायकाच्या गाजलेल्या गाण्यांची सीडी ते हळू आवाजात लावायचे. शेवटचं, नवं गाणं मात्र बंद करायचे.

"आवाज गेलाय बिचाऱ्याचा. कशाला ऐकायचं?"

हिवाळ्यात त्यांचाच आवाज बसला, तो सुटलाच नाही. एका सकाळी त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं. पुढच्या सोमवारपासून ते दिसले नाहीत.

बर्फ वितळल्यावर नव्या ड्रायव्हर बाईंनी विचारलं, "काका तूच ना? ते गेले. तुला कळवायला सांगितलं होतं."