फिलिंगच्या खाली

स्वतःच्या हातच्या कामावर इतका गाढ अविश्वास असलेला माणूस मी आमच्या दातांच्या डॉक्टरांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. एरवी पुण्यात शंका घ्यायची ती दुसऱ्याच्या कामाबद्दल. डॉक्टरांचं सगळंच उलटं. पेशंट दात भरून घेऊन निर्धास्त घरी जायचा आणि काळजी डॉक्टरांकडे ठेवून जायचा. आरशात बघून आपण कौतुकाने म्हणावं, "छान बसलंय हो फिलिंग," तर हे हातमोजे काढत म्हणणार, "आज छान आहे. आजचं काय घेऊन बसलात?"

त्यांच्या मते दातात भरलेली कुठलीही वस्तू भरल्या क्षणापासून बिघडायला लागते. पांढरं फिलिंग आपल्याबरोबर चहा पितं, हळद खातं आणि पिवळं पडतं. चांदी भरावी तर शेजारचा चांगला दातही काळपट दिसू लागतो. चावून चावून वरचा गुळगुळीतपणा जातो, खरखरीत झालं की त्यावर जंतू ठाण मांडतात, आणि कडेला केसाएवढी फट पडली की तिथून आत उतरतात. हे सगळं ते आपल्या तोंडात आरसा आणि दोन बोटं असताना सांगत, त्यामुळे उलट विचारायची सोय नसे. स्वतः चहाच्या प्रत्येक घोटामागे पाण्याचा घोट घ्यायचे. लग्नात पानात बीटाची कोशिंबीर पडली की त्यांचं जेवणावरचं लक्षच उडायचं. ओळीने बसलेली माणसं आपापली फिलिंगं रंगवताना बघणं त्यांना सोसत नसे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दाढा राहतात. एकदा मंडईत मला ते भेटले. आम्ही बोलत असताना लिंबं विकणारे एक काका कशावरून तरी मोठ्याने हसले आणि डॉक्टर थबकलेच. "वरची डावी दाढ माझी आहे," मला म्हणाले, आणि मी अडवायच्या आत पुढे झाले. "अहो, जरा आ करता का?"

काकांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "लिंबं घ्यायचीत का दात बघायचेत?"

पण आ केला बिचाऱ्यांनी. डॉक्टरांनी मोबाइलचा उजेड पाडला आणि घरात काही वाईट घडल्यासारखा चेहरा केला. "सुपारी खाता."

"खातो की."

"सगळं झिजवलंत हो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी भली मोठी पिशवीभर लिंबं घेतली. आमच्या घरी पुढे बरेच दिवस सरबत चाललं होतं.

माझ्या खालच्या उजव्या दाढेवर तर त्यांचा विशेष जीव. ती भरली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. कीड पार नसेपर्यंत पोचली होती. दुसऱ्या कुणी सरळ नस काढून टाकली असती, पण डॉक्टर म्हणाले, "दात अजून जिवंत आहे, बाई. जिवंत दाताला कशाला मारायचं?" नसेवर औषधाचा पातळ थर देऊन त्यांनी दाढ भरली. तेव्हापासून त्यांचे फोन सुरू झाले. "बाई, थंड पाणी प्यायलात? ठणकलं नाही ना?" मध्येच कधीतरी, सणावाराला, परीक्षेचे पेपर तपासत असताना, कधीही. आमचे हे म्हणायचे, "इतकी चौकशी तर तुझ्या माहेरच्यांनीसुद्धा केली नाही." मी हसायचे. पण एकदा डॉक्टरांनीच मनातलं बोलून दाखवलं. "वरचं मला सगळं दिसतं. खाली काय चाललंय ते कळत नाही. मी किडीवर झाकण तर ठेवलं नाही ना?" त्यानंतर मला हसू आलं नाही.

हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला. आयुष्यात शंका न घेता घेतलेला हा त्यांचा एकमेव निर्णय असावा.

यंदा संक्रांतीला तिळाच्या वडीने त्या दाढेचा टवका उडवला. मी कोथरूडमधल्या घराजवळच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "फिलिंगखाली सावली दिसतेय. जुन्या औषधाची असेल, नाहीतर कीड असेल. उघडल्याशिवाय नाही सांगता येणार." हे डॉक्टरांपासून लपवायचं मी ठरवलं होतं, पण त्याच संध्याकाळी नेमका त्यांचा फोन आला आणि मला खोटं बोलता येईना. ऐकून ते एवढंच म्हणाले, "मी येतो."

ठरल्या दिवशी दवाखान्यात माझ्या आधी येऊन ते बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायाशी छत्री, चेहरा असा की खुर्चीत त्यांनाच बसवायचंय. डॉक्टरीणबाईंनी त्यांना 'सर' म्हणून शेजारी स्टूल दिलं. मला इंजेक्शन देऊन त्यांनी जुनं फिलिंग कोरायला घेतलं.

"कडेने पूर्ण काळं पडलंय, सर. झिजलंयही खूप."

"झिजणारच. आणि खाली?"

मशीन थांबलं. डॉक्टरांनी आरसा मागून घेतला, पण हात इतका थरथरत होता की तो माझ्या दातांवर टकटक वाजू लागला. त्यांनी तो परत दिला. "मला नाही दिसत. तुम्ही बघा. आणि खरं सांगा."

मी आ वासून पडलेली. दाढ माझी होती, पण त्या क्षणी मला काळजी तिची नव्हती.

"खाली कीड नाही, सर. तुमच्या औषधाचा थर आहे आणि दात टणक आहे."

"टणक?"

"हो."

"पुन्हा टोचा. जरा ओढा ते टोक." त्यांनी डोळे मिटले. तपासायच्या सळईचं अणकुचीदार टोक माझ्या दाढेवरून खर्रकन ओढलं गेलं. तो आवाज माझ्या डोक्यात घुमला. "किडून मऊ झालं असतं तर आवाज आला नसता," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि बराच वेळ डोळे मिटूनच बसले. माझ्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. डॉक्टरीणबाईंनी घाईने विचारलं, "दुखतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी टपरीवर चहा घेतला. इंजेक्शनमुळे मी नुसतीच उभी होते. पाण्याचा ग्लास बाकड्यावर तसाच राहिला आणि मी मुद्दाम आठवण करून दिली नाही. चहा संपता संपता मात्र त्यांच्या कपाळावर नेहमीची आठी आली. सिग्नलला थांबलेल्या माणसांकडे बघत म्हणाले, "एका दाढेचं कळलं, बाई. बाकीच्यांचं काय?"

आता त्यांचा फोन येत नाही. दाढेत काम दुसऱ्याचं आहे, आणि दुसऱ्याच्या कामाची चौकशी करणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. नव्या दवाखान्यातून 'आमची सेवा कशी वाटली' असा मेसेज येतो तेवढाच. थंड पाणी पिताना मी उगीच थांबते. ठणकत नाही, पण ते विचारणारं कुणी नाही, याने घर रिकामं वाटतं. शेवटी परवा मीच फोन लावला. "डॉक्टर, थंड पाणी प्यायले. ठणकलं नाही."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आज नाही ठणकलं," ते म्हणाले. "उद्या पुन्हा सांगा."