बांगडीवाला काहून गेला?

घाटंजीतल्या आमच्या घरमालकीणबाईंना सारी गल्ली ठाणेदार काकू म्हणायची. दूधवाल्याने एखाद्या दिवशी डाव्या हाताने माप घातलं, तर उजव्या हाताला काय झालं हे गल्लीत सगळ्यांच्या आधी काकूंना कळलेलं असायचं. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. सामान वर चढायच्या आत माझं ठरलेलं लग्न का मोडलं, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. घरच्यांनाही न सांगितलेलं त्यांना कसं सांगून बसले, कोण जाणे. सांगून झाल्यावर हलकं मात्र वाटलं.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, ओसरीच्या कोपऱ्यात पोतं अंथरून फवारणीचे पंप दुरुस्त करीत. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलत, बाकी दिवसभर गप्प. काकूंच्या तोंडाचा पट्टा आणि काकांचा पाना, असे दोनच आवाज त्या घरात.

एका दिवाळी अंकाने रहस्यकथा मागवल्या होत्या. मला लिहायची हौस. पण गोष्ट जमेना. हे काकूंना कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातून आले की ओसरीवर आमची बैठक बसू लागली. काकू शेंगा सोलत आणि गोष्ट रचत. मला खून हवा होता. त्यांना तो मुळीच नको होता. "मेलेल्या माणसाचं काय शोधाचं? माणूस हरवव," त्या म्हणाल्या. "अन् हरवाचाच असन तर बाजाराच्या दिवशी हरवव. त्या दिवशी त्याले साऱ्यायनं पाह्यलेलं असते, अन् कोणालेच पक्कं आठवत नाही."

मग कोण हरवायचा? बांगडीवाला. भर बाजारात काचेच्या बांगड्या मांडलेल्या, गिऱ्हाईक हात पुढे करून बसलेलं, आणि तो "आलोच" म्हणून उठतो तो परत येतच नाही. ही कल्पना काकूंचीच. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या बाजारी मला सोबत घेऊन गेल्या, बांगड्यांच्या दुकानापाशी उभ्या राहिल्या आणि माणूस इथून कुठून निसटेल ते पाहू लागल्या. मिरचीवाल्या बाया आणि दोरखंडवाले यांच्या मधून एक बोळ निघत होता. काकू स्वतः त्यातून पलीकडे जाऊन आल्या आणि आपल्याला जाताना पाहिलं का, असं मिरचीवालीला विचारलं. तिने पाहिलं नव्हतं. काकू खूश झाल्या.

पात्रांच्या बाबतीतही त्यांचा एक कायदा होता. "एकट्या गुन्हेगारालेच खोटं बोलाले लावशीन तर वाचणारा लगेच धरन त्याले. साऱ्यायले एकेक खोटं दे." म्हणून आमच्या चहावाल्याने आपण झोपलो होतो हे लपवलं, आणि बांगडीवाल्याच्या बायकोने घरी काहीच कुरबूर नव्हती असं सांगितलं.

सगळं जुळलं, एक सोडून. तो गेला का? मी सुचवलेली कारणं काकू एकामागून एक मोडीत काढत. दुसरी बाई, जुना वैरी, पोलिसांची भीती. "हलकं कारण आहे," त्या म्हणत. "एवढ्यासाठी कोणी आपलं दुकान असं मांडून जात नाही."

शेजारी शबाना आपा शिवणकाम करीत. ब्लाऊज आणायला गेले असताना मी त्यांनाही ही गोष्ट सांगितली. त्यांनी मशीन थांबवलं. "डॉक्टर, दुसरा किस्सा लिखो ना," त्या हळूच म्हणाल्या. "ये तो काकू के ही घर का है."

मग त्यांनी सांगितलं. सगळ्यांच्या हाती मोबाइल येण्याच्या आधीची गोष्ट. काका पंपाचे सुटे भाग आणायला नागपूरला गेले ते महिनोन्महिने आलेच नाहीत. काकूंनी एकटीने नागपूर गाठलं, सुट्या भागांची दुकानं पालथी घातली, सरकारी दवाखान्यातसुद्धा पाहून आल्या. एक दिवस काका आपणहून दारात उभे राहिले. काकूंनी पाय धुवायला पाणी ठेवलं, ताट वाढलं. कुठे होतात, का गेलात, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही, ते आजपर्यंत.

त्यानंतर बैठकीत मी कारणाचा विषय काढायचं टाळू लागले. पण काकूंनीच एका रविवारी दुपारी तो काढला. "मंग तो बांगडीवाला गेला काहून असन?"

कोपऱ्यातला पाना थांबला.

"डॉक्टरबाई," काका पंपाकडेच पाहत म्हणाले, "त्याच्या घरी त्याले सारं विचारत. कुठं गेलता, कोण भेटलं, काय बोलला. सांगता सांगता त्याले वाटलं, आपल्यापाशी आपलं असं काही राह्यलंच नाही. वाईट कोणीच नव्हतं. एक दिवस भलत्याच बसमध्ये बसला, अन् उतरलाच नाही."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या मला म्हणाल्या, "मंग परत काहून आला, विचार."

मी विचारायची गरज नव्हती. "तिथं त्याले कोणी काहीच विचारे ना," काका म्हणाले. "तापानं पडला तरी नाही. तेही सहन होये ना त्याले. आला तं बायकोनं मुकाट जेवाले वाढलं. तो वाटच पाहून राह्यला, ती कधी विचारन."

"तिले वाटलं, विचारलं तं पुन्हा जाईन," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तिथं जेवणाचं काय करे तो?"

काका सांगू लागले. वणीकडच्या एका खाणावळीबद्दल, तिथल्या पातळ वरणाबद्दल. मी उठून माडीवर गेले. खालून काकूंचे प्रश्न ऐकू येत होते. झोपे कुठं, ताप आला तेव्हा पाणी कोणी दिलं, घरची आठवण ये का. कोणत्या प्रश्नापाशी 'तो'चा 'तुम्ही' झाला, ते मला कळलं नाही. चहाची वेळ टळून गेली, तरी खालून कपबशा वाजल्या नाहीत.

ती गोष्ट मी अंकाला पाठवली नाही. काकूंनीही कधी पाठवली का म्हणून विचारलं नाही. पुढे माझी बदली पुसदला झाली. दोघं मला स्टँडवर सोडायला आले. काका पिशव्या गाडीत चढवत होते.

"आता नवी गोष्ट घे," काकू खिडकीशी येऊन म्हणाल्या. "या खेपी बाई हरवू. पाहू कोण शोधाले निघते."

मी हसले. काकांनी शेवटची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"पहिल्या गाडीनं निघन तो," ते मला म्हणाले. "तसंच लिहा."